डॉक्टर परत येतात ती कॅसेट

भाद्रपदाची पौर्णिमा झाली की बुऱ्हाणपुरात ऊन पुन्हा तापायला लागतं. जमीन अजून ओली असते आणि तिच्यातून वर येणारी वाफ अंगाला चिकटून बसते. कपाशीला बोंडं धरलेली असतात. केळी भरलेले ट्रक शनवारा वेशीकडून घरघरत जातात, पावरलूमची खटखट दिवसभर चालते आणि वीज गेली की एकदम बंद पडते. त्या शांततेनेच माणूस दचकतो. याच दिवसांत आमच्याकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी तिचा भुलोजी, आणि कोजागिरीपर्यंत त्यांचा माहेरी मुक्काम. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली एकेका घरी जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखतात. ओळखता आला नाही तर घरच्या बाईचा मान वाढतो.

यंदा या महिन्यात मी बऱ्याच वर्षांनी इथे आहे. सुमनआत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं. समोरच्या घरात मुली जमल्या आहेत. निम्मी गाणी त्या तोंडाने म्हणतात, निम्मी मोबाईलवर लावतात, आणि मधल्या गप्पा सगळ्या हिंदीत. ऐकायला गोड वाटायला हवं. माझे मात्र कान गरम होतात. इतकी वर्षं झाली, केस पिकायला लागले, पण भुलाबाईच्या गाण्याची पहिली ओळ कानावर आली की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मी एका विद्यापीठात शिकवते. काय शिकवते, हे घरात नीट कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा होते तेव्हा लोकांना सांगायचे, "नीलू टीव्हीचं शिकवते." ऐकणाऱ्याला वाटायचं, दुरुस्ती. मीही कधी खुलासा केला नाही. माझा विषय आहे चाहते. मालिकांवर, सिनेमांवर जीव टाकणारी माणसं. त्यातही अशी माणसं, जी आवडत्या मालिकेतले तुकडे कापतात, नव्याने जोडतात, त्यावर गाणं चढवतात, आणि कथेने जे द्यायचं नाकारलं ते स्वतःच्या हाताने घडवून घेतात. असे हजारो व्हिडिओ मी पाहिले आहेत, ते करणाऱ्यांशी बोलले आहे, त्यावर लिहिलं आहे. परिषदेत मी असा एखादा तुकडा दाखवते तेव्हा श्रोते आधी हसतात. मग मी गंभीर चेहऱ्याने सांगते की या हसण्याचाच आपल्याला विचार करायचा आहे. टाळ्या पडतात. परदेशातल्या बायकांबद्दल, दक्षिणेतल्या मुलांबद्दल मी तासभर न थांबता बोलू शकते. पण असा पहिला व्हिडिओ मी कुठे पाहिला, ते मी कुठल्याही सभागृहात सांगितलेलं नाही. आणि माझा विषय काय आहे, ते परवापर्यंत आत्याला सांगितलेलं नव्हतं. ती आतल्या खोलीत डोळ्यांना हिरवी पट्टी बांधून पडलेली असायची आणि मी बाहेर लॅपटॉप असा धरून बसायचे, जणू त्यात काही वावगं आहे.

आत्याचा जन्म जोडाजोडीच्या वर्षांतला. संस्थानं विलीन होत होती, प्रांतांच्या रेषा पुसून नव्या आखल्या जात होत्या, कोणता भाग कुणाला जोडायचा याची चर्चा म्हणे ओट्याओट्यांवर चालायची. बुऱ्हाणपूर हिंदीच्या राज्यात राहिलं, आमची सोयरीक रेषेपलीकडे खानदेशात राहिली, आणि घरात मराठी, दारात हिंदी असं आमचं ठरून गेलं. आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ती भावाच्या घरात राहायची, पगारातून घर चालायला हातभार लावायची, आणि तिच्या चपलांचा आवाज आला की गल्लीतल्या मुली पाढे आठवायला लागायच्या.

मी सातवी-आठवीत असेन. टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची, आठवड्यातून एकदा. त्यात नायिकेचा मोठा दीर होता, खेड्यातल्या दवाखान्यात बसणारा डॉक्टर. बायको वारलेली. कुणी बोलायला लागलं की मान जराशी तिरकी करून ऐकायचा, आणि पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही. तो काही नायक नव्हता. तुम्ही पाणी प्यायला उठलात तर तेवढ्यात त्याचा प्रसंग संपून जायचा. आत्या त्या दिवशी स्वयंपाक लवकर आटपायची. बाबांनी हौसेने आणलेल्या व्हीसीआरवर ती दर भाग टिपून ठेवायची, आणि रविवारी दुपारी घर झोपलं की त्याचेच प्रसंग पुन्हा लावायची. मी शेजारी बसायचे. आम्ही काही बोलायचो नाही. एकदाच ती म्हणाली होती, "बघ, तो समोरच्याचं वाक्य तोडत नाही."

त्या श्रावणात डॉक्टर मेला. तो नट म्हणे मालिका सोडून गेला होता. बस दरीत गेली, असं एका पात्राने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याच्या हातातली कपबशी पडली, आणि जाहिरात लागली. पुढच्या आठवड्यात घरातली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली होती आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नायिकेच्या मंगळागौरीची तयारी चालू होती. आत्या दोन दिवस नीट जेवली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने मला सांगितलं, "प्रेत कुठे दाखवलं? एकाने दुसऱ्याला सांगितलं फक्त. याला सिद्ध झालं म्हणत नाहीत." ती गणिताची बाई होती. सिद्ध न झालेली गोष्ट तिने मान्य केली नाही, एवढंच.

चातुर्मासात लग्नं नसतात. त्यामुळे लग्नाच्या कॅसेटींना रंगरूप देणारं गोपालभाऊंचं दुकान त्या दिवसांत ओस पडलेलं असायचं. मिक्सिंगवाला गोपाल, असंच त्यांना सगळे म्हणत. लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसे. नवरानवरीच्या तोंडांभोवती बदाम काढायचा, वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, पानं उलटल्यासारखी दृश्यं उलटायची, सनई संपते तिथे सिनेमाचं गाणं जोडायचं. त्यांची धाकटी बहीण आत्याच्या वर्गात शिकलेली, त्यामुळे ते आत्याला बहेनजी म्हणत आणि उभे राहून बोलत. पितृपक्षातल्या एका दुपारी आत्या मला घेऊन त्यांच्याकडे गेली. पिशवीत कॅसेटी होत्या आणि वरून कोथिंबिरीची जुडी.

तिने काय हवं ते सांगितलं तेव्हा ती फळ्याजवळ उभी असल्यासारखी सरळ उभी होती. बसची बातमी काढून टाकायची. कपबशी काढायची. पांढरे कपडे काढायचे. आधीच्या कुठल्याशा भागात डॉक्टर टांग्यातून उतरून, हातात बॅग घेऊन घराच्या पायऱ्या चढतो, ते दृश्य शेवटी घ्यायचं. "म्हणजे मग तो परत येतो," ती म्हणाली. गोपालभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते. मग ते म्हणाले, "हाव बहेनजी, होईल ना. लगन नही तं लगन नही, मशीनले काय समजते."

त्या दुपारी मला आठवतात आणि त्या आठवताना मात्र लाज वाटत नाही. दोन मशिनं, मधे वायरींचा गुंता, दारावर ओलं करून टाकलेलं पोतं. डॉक्टर उलटा चालत दवाखान्यात जायचा, पुन्हा सुलटा बाहेर यायचा. आत्या खुर्चीच्या टोकावर बसून म्हणायची, "इथे. नाही, अजून थोडं मागे. त्याला वाक्य पुरं करू दे." तिचा आवाज बदलला होता. वर्गातला नव्हता, घरातलाही नव्हता. चेहऱ्यावर घाम होता, तो पुसायचं तिला सुचत नव्हतं. एखादी जोडणी बेमालूम बसली की ती मांडीवर थाप मारायची. माझी आत्या इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

शेवट जोडताना तिचं आणि गोपालभाऊंचं थोडं वाजलं. डॉक्टर पायऱ्या चढतो आणि दारावर हात ठेवतो, तिथे मूळ मालिकेत त्याची बायको दार उघडते. पण ते दृश्य ती जिवंत असतानाचं, आता ती दारात कशी येणार. आत्या म्हणाली, "दारावर हात ठेवला की संपव." गोपालभाऊंना ते पटेना. "असं अधुरं कसं सोडू बहेनजी? माणूस घरी आला अन् दरवाजाच नही उघडला?" आत्या म्हणाली, राहू दे तसंच. आम्ही घरी आलो.

आता जे घडलं ते फक्त आमच्या गावातल्या मिक्सिंगवाल्याकडूनच घडू शकलं असतं. लग्नाची कॅसेट तयार झाली की ती गिऱ्हाइकाने दुकानातून न्यायची नाही, अशी रीत होती. मिक्सिंगवाला स्वतः चांगले कपडे घालून घरी यायचा, सगळ्यांना बसवून पहिल्यांदा लावून दाखवायचा, मग त्याचं तोंड गोड करायचं. गोपालभाऊंनी रीत पाळली. ते आले तेव्हा दिवेलागण होत होती, आणि त्या दिवशी भुलाबाई नेमकी आमच्याकडे होती. गल्लीतल्या मुली, त्यांच्या आया, कुणाची सासू, बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या आत खाऊ करत होती.

"कोनाची कॅसेट हो गोपालभाऊ?" शेजारच्या कमलाकाकूंनी विचारलं.

"बहेनजींची."

"बहेनजींची? लगन केलं काय चुपचाप?" आणि सगळ्या हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. कॅसेट लागली.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. मालिका ओळखीची, पण यात डॉक्टर जिवंत होता. रुग्ण तपासत होता, ऐकत होता, टांग्यातून उतरत होता. बायका गप्प झाल्या होत्या. एकीने तर "अगं बाई, हा तर मेला होता ना," असं म्हणून पदर तोंडाला लावला. डॉक्टर पायऱ्या चढला. दारावर हात ठेवला. आणि दार उघडलं. दारात आत्या उभी होती.

आमच्या काकाच्या लग्नाची कॅसेट गोपालभाऊंनीच केली होती. त्यात वरात दाराशी येते तेव्हा आत्या हिरव्या शालूत, हातात ओवाळणीचं ताट घेऊन दार उघडते आणि हसते. तेच दृश्य त्यांनी इथे बसवलं होतं. डॉक्टर उजवीकडे पाही, आत्या डावीकडे. डॉक्टर मान तिरकी करी, आत्या हसे. तिने ओवाळलं. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मग सवयीने त्यांनी दोघांभोवती बदामही काढला होता.

जे हसू फुटलं ते मला शब्दांत सांगता येत नाही. कमलाकाकू जमिनीवर आडव्या झाल्या. मुली किंचाळत होत्या. मी भुलाबाईशेजारी बसले होते आणि माझं सगळं अंग पेटलं होतं. जमीन दुभंगावी, वीज जावी, काहीही व्हावं. ज्या विजेला आम्ही रोज शिव्या द्यायचो ती त्या संध्याकाळी गेली नाही. मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात आत्या डबा घेऊन उभी. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. तिने पडद्याकडे पाहिलं, पाकळ्या पडून संपेपर्यंत पाहिलं. हसणं हळूहळू विझलं. गोपालभाऊ चाचरत म्हणाले, "दरवाजा उघडाले कोनी तरी पाहिजेच होतं ना बहेनजी. तुमचाच शॉट फिट बसला."

आत्या पुढे आली. डबा कमलाकाकूंच्या कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "खाऊ ओळखा." आत केळ्याचा शिरा होता, त्याचा काय आवाज येणार. कुणालाच ओळखता आला नाही. तिने सगळ्यांच्या हातावर शिरा वाढला, गोपालभाऊंनाही वाढला, आणि आत निघून गेली.

पुढे जे व्हायचं ते झालं. शाळेत तिला मुली डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. फळ्यावर कुणीतरी बदाम काढला. बाबांनी आईजवळ एवढंच म्हटलं, "या वयात शोभतं का हे," आणि ते आत्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. ती कॅसेट आत्याने गोपालभाऊंना परत दिली आणि तिच्यावर कुणाचा तरी साखरपुडा टिपला गेला. आत्याने टीव्हीसमोर बसणं सोडलं. डोळ्यांना त्रास होतो, असं कारण दिलं. सगळ्यांनी ते मानलं, कारण ते मानणं सोयीचं होतं.

मला पुढे राहून राहून एका गोष्टीचा राग यायचा. त्याच गावात नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला पोरं पडद्यापुढे नाचत, हिरोच्या फोटोला हार घालत. आमच्या काकाने केस एका नटासारखे वाढवले होते आणि चाळिशी आली तरी कापले नव्हते. क्रिकेटचा सामना हरलो की पुरुषमाणसं उपाशी झोपत. कुणाला लाज वाटली नाही. एका बाईने एका डॉक्टरला दरीतल्या बसमधून वर काढलं, तेवढं मात्र घराला काळिमा लागण्यासारखं झालं. हा राग मला पुढे विषय देऊन गेला. नोकरी दिली, नाव दिलं. रागावर मी पुस्तक लिहू शकले. लाजेवर एक ओळ लिहिता आली नाही. चाहत्याने स्वतःलाच कथेत बसवून घेण्याबद्दल आमच्या विषयात कपाटभर लिखाण आहे आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे हिरवा शालू यायचा, मी पान उलटायचे.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्याची पट्टी काढली. म्हणाले, "अब खूब टीव्ही देखो माताजी." घरी आल्यावर चहा घेता घेता तिने विचारलं, "नीलू, तू नेमकं शिकवतेस तरी काय? मला आता दिसतं. दाखव."

टाळायला काही उरलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला. माझ्या अभ्यासातली एक बाई आहे, दूरदेशीची, साठीची, टपालखात्यातून निवृत्त झालेली. तिच्या आवडत्या मालिकेतला एक म्हातारा मास्तर लेखकांनी मारून टाकला होता. तिने तो जिवंत ठेवला. तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ. आत्याने तो पुढे वाकून पाहिला. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा पाहताना तिचा हात मांडीवर होता आणि एका जोडणीला तो जरासा हलला.

"हिला नाही कुणी हसलं?"

"हसले. खूप हसले. घरचेसुद्धा."

"मग?"

"मग तिने दुसरा केला. मग अजून. आता असं करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, आत्या. एकमेकींना दाखवतात. मी त्यांच्यावरच लिहिते."

तिने चहाचा कप उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "मला त्याच्याशी लग्न नव्हतं गं करायचं. तो तसा रस्त्यात मरू नये, एवढंच होतं. सगळ्यांना भलतंच वाटलं." आणि माझ्याकडे बघून, "तुलासुद्धा."

मला हो म्हणावं लागलं. मी शिकले-सवरले, जगभरच्या बायकांना विचारत फिरले की तुम्हाला नेमकं काय हवं होतं, आणि हिला विचारलं नाही. गल्लीने जे ठरवलं तेच मीही धरून बसले होते, फक्त त्याला चांगली भाषा दिली होती.

"गोपाल नंतर दोनदा आला होता," आत्या म्हणाली. "बहेनजी, तो दरवाज्याचा शॉट काढून देतो, तुम्ही सांगितलं तसं संपवून देतो, म्हणाला. मीच नको म्हटलं. मला वाटलं, एकदा हसले की संपलं. पुन्हा करता येतं हे माहीतच नव्हतं."

समोरच्या घरातून मुलींचा गलका आला, कुणीतरी खाऊ ओळखला होता. आत्याने लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावरून बोट फिरवलं.

"पुन्हा करता येतं, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पीएचडी करत होते तेव्हापासून."

तिने मनातल्या मनात हिशोब केला. तो तिला नेहमीच झटकन जमायचा.

"तेव्हा तर गोपालचं दुकान चालू होतं," ती म्हणाली.